तांबो आणि चिंचेखालची जागा

"दुकानाले बाण कायले पाह्यजे?" बाबांनी विचारलं.

ते खाटेवर आडवे होते. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, पायाखाली दोन उशा, आणि खाटेला लागून स्टुलावर माझा जुना कॉम्प्युटर. पडद्यावर राज्यांच्या लढाईचा एक खेळ: डोंगर, खुरटी झाडं, एक लांबलचक वाट आणि वाटेच्या कडेला गवताच्या छपराचं एक बुटकं दगडी घर. शत्रूची चार माणसं जवळ आली तसे त्या घरातून बाण सुटायला लागले. बाबा माऊस सोडून बघत राहिले. आयुष्यभर बाजारात दुकान लावलेल्या माणसाला हा प्रकार पटणं अवघडच होतं.

मी त्यांना सांगितलं की हे नुसतं दुकान नाही, याला तांबो म्हणतात. इंका म्हणून दक्षिण अमेरिकेच्या उंच डोंगरांवर राहणारे लोक होते. त्यांचं राज्य वाटांवर चालायचं, आणि वाटेवर ठरावीक अंतरानं तांबो असायचा. आत धान्य साठवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला मुक्कामाची सोय. खेळ बनवणाऱ्यांनी त्याचं व्यापाराचं ठाणं केलं. बाकीच्या राज्यांची ठाणी बिचारी नुसती उभी असतात, कोणीही यावं आणि पाडून जावं. इंकांचा तांबो तसा मार खाऊन घेत नाही. संकट आलं की शेतातली, रानातली माणसं त्याच्या आत शिरतात, आणि तो आतून बाण मारतो.

"म्हंजे दुकान बी आन आसरा बी," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा माऊस धरला.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते आमच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून घसरले होते. खांद्यावर पऱ्ह्यांचे, धानाच्या रोपांचे भारे, पायाखाली चिखल. पडले ते पायाची नळी मोडूनच उठले, म्हणजे उठलेच नाहीत, चौघांनी उचलून आणलं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि मी. मी अड्याळच्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि रोज आसगावाहून स्कुटीनं जाऊन-येऊन करते. दिवसा शेजारच्या काकू त्यांचं चहा-पाणी बघत. पण बसून राहणं हा बाबांचा पिंडच नव्हता. चार दिवसांत त्यांनी काकूंशी भांडण काढलं, रेडिओ आपटला आणि डॉक्टरांना वाटेल ते बोलून घेतलं. आमच्याकडे त्यांना सगळे म्हणायचेच, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. दोराच्या व्यापाऱ्याला ही म्हण ऐकवण्यात गावाला वेगळीच मजा यायची.

म्हणून मी तो खेळ लावून दिला. नागपूरला शिकत होते तेव्हा होस्टेलवर मी तो खेळायचे, आणि मुलीच्या जातीनं लढाया कसल्या खेळायच्या म्हणून मैत्रिणींची बोलणी खायचे. बाबांनी खेळायला इंका निवडले ते लामा बघून. मानेनं उंट आणि अंगानं बकरी असं ते जनावर त्यांना फारच आवडलं; याच्या गळ्यात घुंगरू बांधत असतील का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग मी त्यांना मोबाइलवर त्या मुलखातला गवताचा पूल दाखवला. तिथले लोक गवताचे दोर वळतात आणि त्या दोरांचा पूल खोल दरीवर टांगतात, जुना झाला की पुन्हा नवा विणतात. बाबांनी तो फोटो बोटांनी मोठा करून पीळ तपासला. दोन पदरी आहे की तीन पदरी, हे ठरवण्यात त्यांचा अर्धा तास गेला. शेवटी म्हणाले की हे लोक आपल्याच धंद्यातले दिसतात.

आमचा धंदा दोरांचा. दावी, कासरे, मोरक्या, येसणी, घुंगरमाळा. आणि पोळ्याच्या आधी बैलाच्या कपाळावर बांधायच्या रंगीत मठाट्या. नायलॉनचा माल बाबा बाहेरून आणत, पण अंबाडीचा दोर अजून स्वतः वळत. ट्रॅक्टर आल्यापासून या धंद्यात काही उरलं नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी ते बाजार करत. दर आठवड्याला अड्याळच्या बाजारात, चिंचेखाली.

खेळात एक नियम आहे. वाटेवर ठरलेल्या चार-पाच जागा असतात. तांबो तिथेच बांधता येतो, दुसरीकडे कुठे नाही. आणि तो पडला की जागा मोकळी. जो आधी पोचेल तो आपलं ठाणं उभं करेल. बाकीचे सगळे नियम मला बाबांना तीन-तीनदा सांगावे लागले. हा एक सांगावा लागला नाही.

चिंचेखालची जागा बाबांची होती, त्यांच्या आधी आजोबांची. कागदावर ती कोणाचीच नव्हती. बाजारकराची चिठ्ठी सगळेच घेतात, पण चिठ्ठीवर जागा लिहिलेली नसते. नियम आहे तो असा: आपला बोरा, म्हणजे माल मांडायचं पोतं, तिथे पडला पाहिजे. माणूस आजारी असेल तर घरचं दुसरं कोणी बसावं. पुढ्यात एकच दोर असला तरी चालतो. कोणीच आलं नाही तर शेजारचा दुकानदार त्या जागेवर एक गोटा ठेवतो. एक बाजार, दोन बाजार, फार तर तीन. चौथ्या बाजाराला गोटा उचलतात, आणि मग जो पहिला येईल त्याची ती जागा. यावर कोणी भांडत नाही, कारण भांडणाऱ्याची स्वतःची जागाही याच नियमानं टिकलेली असते.

प्लास्टर घालून आणल्यावर बाबांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. बाजाराच्या दिवशी माझी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. शाळा सुटली की जाऊन बसायचं. पोळ्यापर्यंत ते उठणारच होते, आणि पोळ्याच्या आधीचा बाजार म्हणजे दोरवाल्याचा वर्षाचा बाजार.

"विकू नोको पाह्यजे त," ते म्हणाले, "फक्त बस."

पहिल्या बाजाराला मी गेले. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मी खरंच गेले. शाळेतून निघून चिंचेखाली बोरा टाकला, दोर मांडले आणि ओढणी नाकापर्यंत ओढून बसले. शेजारची बांगड्यांवाली मावशी बाबांच्या बरोबरीची, चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलेली. तिनं पायाची चौकशी केली, मला चहा पाजला. दुपार बरी गेली. मग माझ्या सातवीतल्या एका मुलीची आई भाजीची पिशवी घेऊन आली, थांबली, वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमी अठी?"

तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तिला नुसतं नवल वाटलं होतं. पण माझे कान तापले. मी काहीतरी पुटपुटले, आजच्यापुरतं, बाबांना बरं नाही म्हणून. तिनं कीव आल्यासारखं एक दावं विकत घेतलं. तिच्या घरी गाय नव्हती हे मला माहीत होतं.

मला लाज वाटली. आता लिहिताना तिला दुसरं गोड नाव देण्यात अर्थ नाही. याच दोरांवर मी शिकले, होस्टेलचं भाडं याच दोरांनी भरलं, आणि त्या दोरांपुढे बसायची मला लाज वाटली. शाळेत माझा पगार शिपायाहून थोडाच जास्त आहे, पण सगळे मला मॅडम म्हणतात, आणि त्या एका शब्दावर मी माझा सगळा तोरा सांभाळून होते.

दुसऱ्या बाजाराला मी शाळेतून निघालेच नाही. दोरांचं पोतं कॉम्प्युटरच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, दार आतून लावलं आणि संध्याकाळपर्यंत तिथे बसले. खिडकीतून बाजाराचा आवाज येत होता. वांगी घ्या, मिरच्या घ्या, आणि मध्येच कोणाची तरी कोंबडी. वेळ जाईना म्हणून शाळेच्या मशीनवर मी तोच खेळ लावला. तांबो बांधला, माणसं आत घातली आणि जागा राखत बसले. माझ्या अकलेची कमाल अशी की तेव्हा मला त्यात काहीच गैर दिसलं नाही. खरी जागा तिथून दोन मिनिटांच्या वाटेवर होती.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

पैशाचं ते विचारत नसत. मी आपल्याच पर्समधून दोन-चार नोटा उशीखाली ठेवल्या, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांना माणसं हवी होती. मी माणसं दिली. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात बसायचे, तेव्हाचे चेहरे मला आठवत होते. एका बाईची गाय व्यायली म्हटलं. एक जण म्हणाला, तुमच्या बाबांसारखा कासरा कोणाकडे मिळत नाही. मावशीनं चहा पाजला, हे तर मागच्या बाजारचं खरंच उरलेलं होतं, तेही वापरलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि मला वाटलं, यात कोणाचं काय गेलं?

तिसऱ्या बाजारालाही तेच. त्या दिवशी मला एक म्हातारा आठवला. तो दोर घ्यायच्या आधी दातानं चावून बघायचा. लहानपणी मला त्याची भारी भीती वाटायची. मी बाबांना सांगितलं, आज तो आला होता, तुमची आठवण काढत होता.

बाबांनी डोळे उघडले. "कोण? दातानं दोर पाहणारा?"

मी हो म्हटलं. काय म्हणत होता, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लवकर बरे व्हा म्हणत होता. बाबा आढ्याकडे बघत बरं म्हणाले, आणि कॉम्प्युटर लावायला सांगितला. ते खुश झाले असं मला वाटलं.

बाबांची खेळायची पद्धत अशी की कुठल्याही शहाण्या खेळाडूनं डोकं धरावं. सैन्य बांधायचं नाही. किल्ला नाही. सुरुवातीलाच वाटेवरच्या एका जागेवर तांबो बांधायचा, आणि शत्रू दिसायच्या आधीच शेतातली सगळी माणसं त्यात कोंबायची. शेतं ओस, लाकूड नाही, राजधानी जळते आहे, आणि हे तांबो धरून बसलेले. मी चिडायचे. म्हणायचे, सगळे आत बसले तर खातील काय? त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. घर गेलं तर पुन्हा बांधता येतं, जागा गेली की गेली.

एका संध्याकाळी ते जेवायला लागले आणि मला म्हणाले, माझं हे जरा धरून ठेव. धरून काय ठेवायचं, सगळे आत बसून माशा मारत होते. मला तो रिकामेपणा बघवेना. शत्रू कुठे दिसत नव्हता. मी दहा माणसं बाहेर काढली आणि लाकूड तोडायला पाठवली. तेवढ्यात टेकडीमागून घोडेस्वार आले. माणसं परत पोचेपर्यंत तांबो कोसळला, आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल रंगवाल्यानं तिथे आपलं ठाणं उभं केलं.

बाबांचा घास हातातच राहिला.

"तुले तठीच बसाले सांगतलं होतं," ते म्हणाले.

खेळच तर आहे, मी म्हटलं. त्यांनी ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. चोराच्या मनात चांदणं, तसा मला एकदा संशय आला की त्यांना सगळं कळलं आहे. त्याच क्षणी बोलून टाकायला हवं होतं. पण मी भांडी उचलली, घासली, आणि घासता-घासता स्वतःची समजूत घातली की म्हातारपणी माणसं खेळातही अशीच रुसतात. त्यानंतरच्या बाजारालाही मी कपाट उघडून पोतं आत टाकलं. आणि त्याच्या पुढच्याही.

गोट्याचं गणित मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते करत नव्हते, एवढंच. मावशी बाबांना चाळीस वर्षं ओळखते, ती सांभाळून घेईल, असं काहीतरी मनात धरलं होतं. शिवाय पोळ्यापर्यंत पाय बरा होणार नाही, अशीही एक आशा होती. बापाचा पाय बरा होऊ नये ही आशा. होती.

पाय बरा झाला. पोळ्याच्या आधी प्लास्टर निघालं. पाय वाळून काठीसारखा झाला होता, तरी डॉक्टरांकडून येतानाच त्यांनी मठाट्यांचं गाठोडं काढायला सांगितलं. मी किती कारणं सांगितली. चिखल आहे, गर्दी असते, धक्का लागेल, पुढच्या वर्षी जाऊ. त्यांनी एकही ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेतली आणि त्यांना स्कुटीवर मागे बसवलं. मध्ये दोरांचं पोतं, त्यांच्या हातात काठी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान हिरवंगार होतं आणि ते मला मागून सांगत होते की कोणाचं पीक बरं आहे आणि कोणाच्या बांधीत पाणी कमी आहे. मी दोनदा स्कुटी हळू केली, सांगायला. दोनदा पुन्हा वेग वाढवला.

चिंचेखाली निळी ताडपत्री टांगलेली होती. खाली मोबाइलचे कव्हर, चार्जर, छत्र्या. दुकानदार तिशीतला माणूस, नीट कपड्यांतला. बाबांना काठी टेकत येताना बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं त्यांना बसायला आपलं स्टूल पुढे केलं. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

बाबा बसले नाहीत. त्यांनी मावशीकडे पाहिलं.

मावशीच्या हातात कोणाचा तरी हात होता, बांगड्या भरणं अर्धं राहिलेलं. तिनं ते तसंच सोडलं. "भाऊ, तीन बाजार गोटा ठेवला मी," ती म्हणाली. "चवथ्याले कोणाच्या भरोशावर ठेवू? तुमची मॅडम त एकच डाव आली."

आजूबाजूला माणसं होती. पोळ्याचा बाजार, दोर घ्यायला आलेली, बाबांना ओळखणारी, पाय कसा आहे विचारायला थांबलेली माणसं. ती सगळी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. मी पोत्याची गाठ धरून खाली बघत होते.

"तिले मीच सांगतलं होतं, नोको बसू म्हणून," बाबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं. "शाळेची मॅडम हाय ते. तिनं कायले बसाव अठी? मीच नाई म्हटलं."

मावशीनं अर्ध्या राहिलेल्या बांगड्या पुन्हा भरायला घेतल्या. तिला ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. बघणारी माणसं बाबांकडे वळली, माझ्यावरची नजर निघाली. बाबांनी मावशीला सांगितलं की तिची काही चूक नाही, नियम तो नियम. मग काठी टेकत ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला निघाले, आणि मी पोतं घेऊन त्यांच्या मागे.

जागा मिळाली ती पार शेवटी, कोंबड्यावाल्यांच्या पलीकडे, नालीच्या काठावर. जमिनीवर बसायला त्यांना जमेना, म्हणून दोरांच्या पोत्यावरच बसवलं. तिथवर कोणी येत नव्हतं. लोक सवयीनं चिंचेकडे जात, छत्र्या बघत, आणि परतीच्या वाटेत दुसऱ्या कोणाकडून नायलॉनची येसण घेऊन घरी जात. तीन-चार ओळखीचे शोधत आले. बाकी मठाट्या गाठोड्यातच राहिल्या. दुपारी पावसाची एक सर आली, तेव्हा बाबांनी आपला टॉवेल त्यांच्यावर टाकला आणि स्वतः भिजले.

परत येताना पूर्ण रस्ताभर ते एकच बोलले. हळू चालव, एवढंच.

पोळा झाला. बाबा मला रागावले नाहीत, आणि त्यामुळे घरात श्वास घेणं कठीण झालं. ते नेहमीसारखे जेवत, पायाला तेल लावत, संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसत. पण आता ते इंका घेत नव्हते. त्यांनी दुसरंच कुठलं तरी राज्य धरलं होतं, ज्याचं व्यापाराचं ठाणं म्हणजे साधी झोपडी, ना बाण, ना आत शिरायला जागा. शत्रू येई, ठाणं पाडे, बाबा बघत बसत. तांबोवाले लोक का सोडले, मी विचारलं. हे पण बरे आहेत, ते म्हणाले.

मला राहवलं नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेपाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कपाट, बंद दार, खिडकीतून येणारा बाजार. चुकले, म्हटलं. ते ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी खेळ बंद केला.

"तो दातानं दोर पाहणारा म्हातारा," ते म्हणाले, "त्याले मरून दोन वर्सं झाले, बाई. मी त्याच्या माटीले गेलो होतो."

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. तिसऱ्या बाजारच्या संध्याकाळपासून त्यांना माहीत होतं. मी बाजारात जात नाही हे माहीत असून ते दर आठवड्याला मला विचारत होते, आज कोण आलं होतं, आणि मी माणसांमागून माणसं उभी करत होते. म्हातारा आला म्हणून मी सांगितलं तेव्हा मावशीचा गोटा अजून जागेवर होता. अजून दोन बाजार हातात होते.

"मंग तवाच काहून नाई बोलले तुमी?" मी विचारलं. खरं म्हणजे ओरडले. आपली चूक असली की मला आधी राग येतो, आणि तो समोर असेल त्याच्यावर निघतो.

त्यांनी पायावरून हात फिरवला.

"दर बाजाराले मले वाटे," ते म्हणाले, "आज गेली असन."

मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. काकू चहा घेऊन आल्या, दारातून बघून परत गेल्या.

पुढच्या बाजाराला मी शाळेतून निघाले ती थेट नालीच्या काठावर. पोतं आदल्या दिवशीच स्कुटीला बांधून ठेवलं होतं. बोरा टाकला, दोर मांडले, आणि ओढणी खांद्यावरच राहू दिली. पोळा होऊन गेलेला, दोराला आता वर्षभर कोण विचारतो? कोंबड्यावाल्यांकडे गर्दी होती, माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. आठवीच्या दोन मुली गुपचूप खाण्यासाठी आवळे घेऊन त्या टोकाला आल्या, मला बघून आवळे मागे लपवले आणि एका सुरात गुड आफ्टरनून मॅडम म्हणाल्या. मी पण गुड आफ्टरनून म्हटलं. मग त्या गेल्या. अंधार पडायच्या आत मी सगळे दोर जसे आणले तसे गुंडाळले.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसून अंबाडी वळत होते. पाय लांब केलेला, एक टोक अंगठ्यात धरलेलं. मी पोतं उतरवलं, हातपाय धुतले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

"कोणी नाही आलं, बाबा."

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा पीळ भरायला लागला.

"मंग आज तू गेली होती," ते म्हणाले.